परत करायचं बक्षीस

वैशाख तापला की आमच्या कॉलनीतल्या पोरांना कॅरम आठवतो, आणि पोरांना कॅरम आठवला की त्यांच्या बापांना मी आठवते. यंदाही आले. सांगलीचं भर दुपारचं ऊन, पंखा गरम वारा फेकतोय, मी माठातलं वाळ्याचं पाणी पिऊन जरा आडवी झाले होते, आणि दारात तिघं उभे. "काकू, यंदा बक्षिसं काय ठेवायची?" एकानं फोन पुढं केला. त्यात चकचकीत कप, एकापेक्षा एक उंच, प्रत्येकावर पंख पसरलेली बाई. मी म्हटलं, "अहो, हे घरी नेऊन पोरानं करायचं काय? ह्यात पाणी पिता येत नाही, डाळ भरता येत नाही. फडक्यानं पुसायला घरात आणखी एक वस्तू वाढली, एवढंच." तिघंही हसले, पण फोन काही मागं घेईनात. दुकानदाराला शब्द देऊन बसले असणार, दुसरं काय.

ते गेले आणि माझी झोप मोडून गेले. बक्षीस निवडणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. लग्नात आहेर करताना आपण शंभरदा विचार करतो, व्याह्यांना काय वाटेल, विहीणबाईंना काय वाटेल. पोराच्या हातात बक्षीस देताना मात्र कुणी विचार करत नाही. आपण हरलो हे पोर विसरतं हो, चार दिवसांत विसरतं. जिंकल्यावर हातात काय पडलं ते जन्मभर विसरत नाही. मला स्वतःला चौथीत धावण्याच्या शर्यतीत साबणाची वडी मिळाली होती. आता सांगा, हा काय मान झाला?

वैशाख म्हटलं की मला अजून एक वास येतो. आढीतले पाडाचे आंबे, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस चीक, आणि बोरिक पावडर. तिन्ही एकदम. शहरात आल्यावर हे तिन्ही वास मला वेगवेगळे मिळाले, पण एकत्र असे पुन्हा कधी आले नाहीत. आमचं गाव रहिमतपूरपासून सायकलीच्या टप्प्यात. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी साताऱ्याच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते, आणि मारुतीच्या देवळात मंडळाच्या कॅरमच्या स्पर्धा लागायच्या होत्या.

मे महिन्यात आमचं गाव भरून जायचं. घरटी एक तरी माणूस पलटणीत, आणि लग्नसराई धरून सगळे सुट्टीवर यायचे. एस.टी.तून काळ्या ट्रंका उतरायच्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. पोरं ट्रंकेमागं धावायची, आत गोळ्या-बिस्किटं असायची म्हणून. पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमचं आलं का गं?" आणि विचारणारीला हौसाकाकू दिसली की वाक्य गिळायच्या.

हौसाकाकू आमच्या शेजारची. मालक लवकर गेलेला, दोन तुकडे रान, आणि एकुलता एक दत्तू. दत्तू ताडमाड उंच, हसला की डोळे मिटायचे. गावातला पहिला कॅरमबोर्ड त्यानंच आणला, पहिल्या सुट्टीवर येताना, थेट जबलपूरहून, आगगाडीत मांडीवर धरून. तोवर गावाला खेळ म्हणजे कुस्ती आणि फार तर कबड्डी. म्हातारी माणसं म्हणायची, "ह्यो कसला खेळ? बसून बोटं उडवायची!" पण दत्तू डाव्या हातानं राणी घ्यायला लागला की हीच म्हातारी मंडळी कट्ट्यावरून उतरून बोर्डाभोवती उकिडवी बसायची.

एकाहत्तरच्या लढाईत दत्तू बेपत्ता झाला. पश्चिमेकडच्या सरहद्दीवर कुठंतरी. गेला असं कुणी सांगितलं नाही, आहे असंही कुणी सांगितलं नाही. बेपत्ता, एवढंच. पुढं लढाईतले कैदी सुटून आले, त्यात तो नव्हता. गावानं मनातल्या मनात काय ते समजून घेतलं. हौसाकाकूनं घेतलं नाही. म्हणून ती दिवसभर एस.टी.च्या फाट्यावर डोळे लावून बसायची असं समजू नका. तिला वेळ कुठं होता? म्हैस, रान, भांगलण, हजार कामं. फक्त दत्तूची गोष्ट निघाली की ती "व्हता" म्हणायची नाही. "दत्तूला कारल्याची भाजी आवडत न्हाई," असं म्हणायची. नाही आवडत. आज, आत्ता, जिथं कुठं असेल तिथं.

तर बक्षिसं. आमची बक्षीस समिती तिघांची. माझे चुलते तात्या, पलटणीतून हवालदार होऊन आलेले, मंडळाचे अध्यक्ष. शाळेचे गुरुजी. आणि मी, कारण मी कॉलेजात जाते म्हणून मला सगळं कळतं असा गावाचा समज. तो समज मीही काही मोडला नव्हता.

पहिल्याच बैठकीत घोडं पेंड खायला लागलं. गुरुजींचं म्हणणं, पोरांना वह्या द्याव्यात. मी म्हटलं, "गुरुजी, सुट्टीत वह्या? ही शिक्षा आहे का बक्षीस?" तात्यांनी लष्करी कॅन्टीनमधून दाढीचे ब्रश आणून ठेवलेले, चांगले डझनभर. दहा वर्षांच्या पोरांना दाढीचा ब्रश! मी हसत सुटले तर तात्या भडकले. "हसतीस काय, कुसे? आज न उद्या मिशा फुटनारच की त्येला. फौजेत आगाऊ तयारी लागती." एका म्हाताऱ्यानं सुचवलं की कुस्तीसारखं करा, लहान गटाला रेवड्या, मधल्याला नारळ आणि मोठ्याला फेटा. कॅरम जिंकलेल्या पोराच्या डोक्यावर फेटा बांधून मिरवणूक काढायची. मला आता वाटतं की काढायला हवी होती. गुरुजींच्या मेहुण्यांची तासगावला द्राक्षबाग, त्यांनी लहान गटासाठी बेदाण्याचा डबा पाठवला. स्पर्धेची पहिली फेरी संपायच्या आत डबा निम्मा झाला. मारुतीरायानं खाल्ले म्हणावं, तर तात्यांच्या सदऱ्याचा खिसा चिकट.

मुलींच्या गटाची तर तऱ्हाच निराळी. मुलींचा गट ठेवा म्हणून मी भांडले, तर ठेवला. बक्षीस काय, तर आरसा आणि फणी! जसं काही कॅरम खेळताना पोरींचे केसच तेवढे विस्कटतात. मी त्याच्या बदली बॅटरी ठेवायला लावली, तीन सेलची, लांब उजेड पडणारी. शेतातून अंधाराचं यायचं असतं ते पोरींनाच ना? "आवो, पोरींना कशाला बॅटरी?" असं म्हणणाऱ्याला माझ्या आईनं असं काही बघितलं की तो गप्प झाला.

मोठ्या गटाचं पहिलं बक्षीस मात्र ठरल्यासारखंच होतं. स्टीलचं भांडं. त्या काळात आमच्याकडं स्टीलचं एवढं अप्रूप, की पोर जिंकायचं कॅरममध्ये आणि हरखायची त्याची आई. पोराच्या वाट्याला काय, तर त्याच भांड्यातनं पाणी प्यायचं आणि "माझ्या बक्षिसाचं हाय" म्हणायचं. आणि भांडं म्हटलं की त्यावर नाव आलंच, अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. गावात कुणीही बक्षीस ठेवलं तर ते कुणाच्या तरी आठवणीत ठेवायचं, ही रीतच. बापाच्या, आज्याच्या, कुणी तर आवडत्या बैलाच्याही ठेवलेलं.

तात्या म्हणाले, "पयलं बक्षीस दत्तूच्या नावानं देऊ. बोर्ड त्येनंच आनला, खेळ त्येनंच शिकवला." गुरुजींचे डोळे भरले. माझेही. तिघांच्याही मनात प्रेमाशिवाय दुसरं काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. आम्ही साताऱ्याला गेलो, भांड्यांच्या आळीत दुकानोदुकानी हिंडून जाड बुडाची कळशी पसंत केली, आणि नाव घालणाऱ्या माणसानं सुईचं यंत्र टर्र टर्र फिरवत तात्यांनी सांगितलं ते कोरलं. कैलासवासी जवान दत्ताराम यांच्या स्मरणार्थ. गर्दीत उभ्या दोन अनोळखी बायकांनी ते वाचून हात जोडले. येताना एस.टी.त तात्यांनी कळशी मांडीवर धरली होती.

आमच्याकडं स्पर्धेच्या आदल्या दिवशी बक्षिसं देवळात मांडायची पद्धत. पांढरं धोतर अंथरून त्यावर ओळीनं. सगळं गाव बघून जायचं, भांडी वाजवून बघायचं, जड आहे का हातात तोलून बघायचं. रुखवतच म्हणा ना. हौसाकाकू रानातनं परत येताना आली, डोक्यावर गवताचा भारा तसाच. भारा पायरीला टेकवला आणि कळशीजवळ गेली. "लय झ्याक हाय गं," म्हणाली, आणि बोटांनी अक्षरं चाचपायला लागली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय गं कुसुम?"

"दत्तूचं नाव हाय, काकू."

तिचं तोंड असं उजळलं, की तिथंच थांबावं आणि पुढचं सांगूच नये असं मला झालं. "व्हय? माज्या दत्तूचं? आन् म्होरं एवडं काय लिवलंय?"

तात्या आणि गुरुजी खांबाशी उभे होते, तात्यांनी मान खाली घातली. मी वाचलं. जसं होतं तसं सगळं वाचलं. मग कळशीवरचा हात तिनं हळूच काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

"स्मरणार्थ म्हंजी आठवन ऱ्हावी म्हून न्हवं?"

"व्हय, काकू."

"आन् त्येला इसरलंय कोन?" ती आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघायला लागली. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "भावजी, भांड्यावर असं नाव मेल्या मानसाचं घालत्यात. तेराव्याला वाटत्यात तसली भांडी. तुमी बगितलं का त्येला मेलेला? कुनी बगितलं?"

तात्यांनी हात जोडले. हवालदार माणूस, गोळीबारात उभा राहिलेला. "वैनी, चूक झाली," एवढंच म्हणाले. काकूनं गवताचा भारा उचलला आणि गेली. कळशी त्याच पावली आत गेली. पुढं तात्यांनी ती साताऱ्याला नेऊन अक्षरं घासून घेतली, तेवढा भाग धुरकट झाला, आणि ती दुसऱ्या नंबरचं बक्षीस म्हणून कुणाच्या तरी घरी गेली. आमची जेवणावरची वासना उडाली होती. आईनं तात्यांना चांगलं फैलावर घेतलं. "आवं, इचारायचं तरी! आईला इचारल्याबिगर पोराला कैलासवासी करत्यात व्हय?" आईचं बरोबर होतं. माणूस मनानं चांगला असला म्हणजे त्याचं चुकत नाही असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोर्डावर पावडर टाकत होतो. पहिलं बक्षीस काय द्यायचं याचा काही पत्ता नव्हता. तेवढ्यात पायऱ्यांखाली घंटी वाजली. हौसाकाकू सायकल हाताला धरून उभी होती. दत्तूची सायकल. दुसऱ्या सुट्टीत घेतलेली, काळी, दांडीला पिवळं प्लास्टिक गुंडाळलेली. तो गेल्यापासून ती त्यांच्या सोप्यात भिंतीला टेकून असायची, वर लुगड्याचं धडपं पांघरलेलं. काकू तिच्या साखळीला तेल घालायची, आणि कुठलं, तर शेंगतेल! त्यामुळं साखळीवर धुळीचा असा लगदा बसलेला की पायडल फिरेना.

"ह्ये घ्या, भावजी. पयल्या लंबराला."

तात्या म्हणाले, "वैनी, ह्ये नको. त्येची वस्तू हाय ती."

"त्येचीच हाय. म्या कवा म्हनलं माजी हाय म्हून? द्यायची न्हाई, वापराय द्यायची. वर्सभर वापरंल, म्होरल्या साली हितंच आनून लावंल. दत्तू आला की त्येची त्येला. हुबी ऱ्हाऊन गंजाय लागलीया ती. आला म्हंजी म्हनंल, आई, एवडी सायकल बी संबाळाय आली न्हाई व्हय तुला?"

मी तात्यांकडं बघत होते. तात्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, आणि मग एकदम पाठ ताठ झाली. "आमच्या पलटणीत असतो फिरता चषक," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जितल त्येच्याकडं वर्सभर, मग परत जमा. लय मानाचं बक्षीस असतंय ते. त्येच्या वरचं बक्षीस न्हाई फौजेत." काकूनं मान हलवली, जणू तिला हे आधीपासून माहीतच होतं. आणि तसं ठरलं.

आज पन्नासेक वर्षांनी मी ते आठवते आणि मला वाटतं, बक्षीस असावं तर असं. घरात नेऊन विसरता येणार नाही असं. पण हे मी आत्ता म्हणते. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती. सायकल कुणी मोडली तर? हरवली तर? त्या बाईचा सगळा जीव दोन चाकांवर ठेवून आम्ही ती गावातल्या पोरांच्या हातात देत होतो. आणि गावातली पोरं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं.

पण पोरांनी ती जपली हो. पहिल्या वर्षी बाळू नावाचा मुलगा जिंकला. त्यानं सगळी साखळी रॉकेलमध्ये बुडवून धुतली आणि काकूला हात जोडून सांगितलं, "काकू, शेंगतेल आमटीत घाला, हिला मी बगतो." दर वर्षी मेमध्ये सायकल देवळापुढं परत यायची आणि तात्या तिची किट तपासणी करायचे. ब्रेक, घंटी, दोन्ही टायर, पंप. "ठीक है," म्हणाले की पोराच्या जिवात जीव यायचा. मग पोरगा सायकल काकूच्या हातात द्यायचा आणि काकू विचारायची, "कुठं कुठं फिरली रं?"

हा प्रश्न कुणी ठरवलेला नव्हता. ती विचारायची आणि ऐकायला पायरीवर बसायची. बाळूनं सांगितलं, वाईला गेलो होतो, घाटावर सायकल धुतली, कृष्णेत. पुढच्या वर्षीच्या पोरानं तासगावच्या द्राक्षबागांचं सांगितलं, बेदाणे वाळत घातलेले, वासानंच पोट भरतं, एक मालक हाकलायला आला आणि दत्तूची सायकल आहे म्हटल्यावर मूठभर देऊन गेला. एक जण सांगलीपर्यंत जाऊन आला होता, नदीवरचा पूल बघून. काकू मधेच विचारायची, "ऊन लागलं न्हाई न्हवं? जेवला कुठं?" ऐकणाऱ्याला कळायचं नाही की ती सायकलवाल्याला विचारतेय की आणखी कुणाला. पोरं मग मुद्दाम लांब लांब जायला लागली, मेमध्ये सांगायला काहीतरी हवं म्हणून. एकानं थाप मारली की तो पुण्याला जाऊन आला. काकूनं टायरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गड्या, टायर तर म्हनतंय कोरेगावच्या म्होरं गेलो न्हाई." सगळं देऊळ हसलं. तीही हसली.

तिला हसताना बघून मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. माझं लग्न झालं, मी सांगलीला आले, शाळेत नोकरी लागली, पण मे महिन्यात बक्षिसांसाठी मी गावी जायचीच. नवरा चिडवायचा, "माहेरी आंब्यासाठी जातेस का सायकलीसाठी?" मी म्हणायची, दोन्हीसाठी. खरं कारण निराळंच होतं. दर वर्षी सायकल परत यायची आणि दत्तू यायचा नाही. ज्या दिवशी काकूला ते कळेल त्या दिवशी आपण तिच्याजवळ असावं, असं मला वाटायचं. आणि तो दिवस कधीच येऊ नये असंही वाटायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तोवर आम्ही मुलींचा वेगळा गट बंद करून सगळ्यांना एकत्र खेळायला लावलं होतं, आणि त्या वर्षी मंदा जिंकली. मंदा चौदा वर्षांची, लोहाराची पोरगी, बुटकी, दोन वेण्या. समोर मिसरूड फुटलेला दांडगा गडी. तिनं शेवटच्या डावात राणी घेतली, वर सोंगटी घेतली, आणि त्या गड्याला म्हणाली, "दादा, पावडर टाका की जरा." असा गोंगाट झाला की मारुतीसमोरची घंटा आपोआप हलली असेल.

सायकल बाहेर आणली. मंदाचा बाप म्हणाला, "पोरीच्या जातीला कशाला दांडीची सायकल? ऱ्हाऊ द्या." मंदा ऐकते कुठली! ती रहिमतपूरच्या हायस्कुलात चालत जायची, ऊन असो, चिखल असो. तिनं परकर खोचला, एक पाय पायडलवर ठेवून टांग टाकली आणि सीटवर बसायला गेली. पाय पोचेनात. सायकल लटपटली आणि मंदा धुळीत. पोरं खिदळायला लागली. ती उठली, गुडघा झटकला, पुन्हा चढली, पुन्हा पडली. डोळ्यांत पाणी, पण हँडल सोडेना.

हौसाकाकू पायरीवर बसली होती. ती बराच वेळ मंदाच्या पायांकडं बघत राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "पाना आना."

तात्या म्हणाले, "कशाला, वैनी?"

"सीट खाली घ्या. लय वर हाय ती हिला."

इतक्या वर्षांत त्या सीटला कुणी पाना लावलेला नव्हता. बाळू उंच होता म्हणून त्याला चाललं, बाकीच्यांनी अर्ध्या पायडलवर, बुडं घासत, वाकडं बसून ती सायकल चालवली, पण सीट जशीच्या तशी. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं. दत्तूनं स्वतः बसून, पाय टेकवून, ती आपल्या मापाची करून घेतली होती.

लोहार घरून पाना घेऊन आला. तात्यांनी तो हातात घेतला आणि नुसते उभे राहिले. "वैनी, एकदा का खाली घेतली तर..."

"मला कळतंय, भावजी." काकू उठली आणि तिनं दोन्ही हातांनी हँडल धरलं. "बसनारं पोर ह्ये हाय. जे न्हाई, त्येच्या मापाची किती दिस ठिवायची?"

त्या वर्षात काय घडलं होतं ते मला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केला. काहीच घडलं नसावं. नट गंजलेला, तात्यांना जोर लावावा लागला, कपाळावर घाम. सीट करकरत खाली आली. काकूनं मंदाला बसवलं, तिचा पाय धरून पायडलवर ठेवला, आणि म्हणाली, "आन् हे बग, म्होरल्या साली परत आनू नगंस. तुजी हाय ती आता."

मंदा गेली. देवळाला वळसा घालून, घंटी वाजवत, फाट्याच्या रस्त्यानं. काकू तिथंच उभी होती, हात अजून हँडल धरल्यासारखे. मग ती खाली बसली आणि रडली. मोठ्यांदा, छाती पिटून, पोर गेलेली आई रडते तशी. कुणी तिला गप्प केलं नाही. तात्यांनी टोपी काढली आणि ते सावधान उभे राहिले, आणि त्यांच्यामागं सुट्टीवर आलेले सगळे फौजी एकेक करून उभे राहिले. मीही रडले, हमसून हमसून, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

दिवेलागणीला आईनं पिठलं-भाकरी केली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्या घरानं न्यायची असते. एकाहत्तर साली आई अशीच घेऊन गेली होती, तेव्हा काकूनं दारातूनच परत पाठवली होती, "माजी चूल पेटलीया" म्हणून. आईनं ताट पदराखाली झाकलं आणि मला म्हणाली, "तू बी चल." आम्ही काकूच्या उंबऱ्याशी उभ्या राहिलो. आत चूल थंड होती. काकूनं वर बघितलं, ताट दोन्ही हातांनी घेतलं, आणि बाजूला सरकून आम्हाला बसायला जागा केली.